बाटली कारखान्याची, नाव दुकानाचं

गळीत हंगाम सुरू झाला की कर्नाटकाच्या सीमाभागातल्या सदलग्याच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. दूधगंगेकाठचा हा ऊस कधी चिकोडीच्या दूधगंगा-कृष्णा कारखान्याला जातो, कधी निपाणीच्या हालसिद्धनाथला. साखर पोत्यात जाते, चिपाड बॉयलरमध्ये जळतं आणि शेवटी उरते ती काळी, चिकट मळी. एक टन उसामागं साधारण 40 ते 45 किलो मळी निघते आणि एक टन मळीतून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर अल्कोहोल. त्यातलं बरंचसं आता इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये मिसळतं. उरलेलं पुन्हा शुद्ध केलं की 96 टक्के तीव्रतेचं ‘ईएनए’ तयार होतं. या ईएनएला ना रंग, ना चव, ना गाव.

त्याला हे सगळं मिळतं ते बाटलीबंद करणाऱ्या कारखान्यात. पाणी घालून तीव्रता 42.8 टक्क्यांवर आणायची, कॅरॅमलनं रंग द्यायचा, इसेन्स किंवा थोडं माल्ट स्पिरिट मिसळायचं. नुस्खा बदलला की त्याच टाकीतल्या मालाची कधी व्हिस्की होते, कधी ब्रँडी. युरोपात मळीच्या दारूला व्हिस्की म्हणायला परवानगी नाही. आपल्याकडं स्वस्त व्हिस्कीचा मोठा हिस्सा तसाच बनतो. मग गिऱ्हाइकानं नावाकडं बघून पैसे मोजले, तर ते नाव कुणाचं असतं?

सदलग्यासारख्या गावातल्या दुकानात त्याचं उत्तर मिळतं, पण बारीक अक्षरात. कर्नाटकात 90 आणि 180 मिलिलिटरची स्वस्त दारू कागदी पाकिटांत येते. पाकिटावर पुढं ठळक नाव, मागं तीव्रता, बॅच क्रमांक, कमाल किंमत, आरोग्याचा इशारा आणि फक्त कर्नाटकात विक्रीसाठी असल्याची ओळ. त्याखाली पाकीट भरणाऱ्या कारखान्याचा पत्ता. ब्रँडची मालक कंपनी एक आणि दारू भरणारा कारखाना भलताच, हे या धंद्यात नेहमीचं आहे. मोठ्या कंपन्या निरनिराळ्या राज्यांत दुसऱ्यांच्या कारखान्यांशी करार करतात आणि आपला माल तिथं भरून घेतात. सीमाभागाला हे नवं नाही. निपाणीचा तंबाखू कुठल्या कुठल्या गावांच्या बिड्यांत गेला. कट्ट्यावरचं लेबल मात्र बिडी कारखान्याचं.

पाकिटावर एक नाव मात्र कधीच नसतं, ते म्हणजे दुकानाचं.

अमेरिकेत नोकरीला गेलेल्या मराठी माणसांना हे वेगळं वाटतं, कारण तिथं दुकानाच्या नावाची दारू सर्रास मिळते. ‘कॉस्टको’ या अवाढव्य दुकानसाखळीनं 1995 मध्ये ‘कर्कलंड सिग्नेचर’ हे स्वतःचं नाव बाजारात आणलं. वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंड गावात कंपनीचं मुख्यालय होतं, तेच नाव बॅटरीपासून बदामापर्यंत सगळ्यावर लागलं, आणि पुढं वाइन, व्होडका, व्हिस्कीवरही. कॉस्टकोची स्वतःची डिस्टिलरी नाही. तिच्या एका बर्बन व्हिस्कीच्या लेबलवर केंटकीतल्या बार्टन डिस्टिलरीचं नाव छापलेलं असतं, तर फ्रेंच व्होडका कोण बनवतं हे सांगितलंच जात नाही. ती म्हणजे महागडी ‘ग्रे गूज’च, अशी अफवा वर्षानुवर्षं फिरते आणि ग्रे गूजवाले ती नाकारत आले आहेत. अफवेनं विक्रीचं नुकसान झालं नसावं!

यातलं गणित वाण्याच्या हिशेबाइतकं सरळ आहे. कारखान्याची यंत्रं काही दिवस रिकामी असतात. दुकान मोठी मागणी नोंदवतं आणि माल स्वस्तात भरून घेतं. जाहिरात नाही, फिरते विक्रेते नाहीत. त्यामुळं बाटली नामवंत ब्रँडपेक्षा कमी दरात विकूनही दुकानाला प्रत्येक बाटलीमागं जास्त पैसे सुटतात. ‘ट्रेडर जोज’ या किराणा साखळीनं 2002 मध्ये कॅलिफोर्नियात ‘चार्ल्स शॉ’ नावाची वाइन एक डॉलर नव्व्याण्णव सेंटला काढली. लोकांनी तिचं नाव पाडलं ‘टू बक चक’, म्हणजे दोन डॉलरवाला चक. चार्ल्स शॉ हा नापा खोऱ्यातला खराखुरा वाइन बनवणारा. त्याचा धंदा बुडाला आणि नाव ब्राँको या मोठ्या वाइन कंपनीनं विकत घेतलं. 2007 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी जत्रेतल्या स्पर्धेत याच नावाच्या शार्डोनेनं सर्वोच्च पदक पटकावलं, तेव्हा महाग बाटल्यांचे मालक चांगलेच खजील झाले.

गिऱ्हाइकाची फसगतही इथंच होऊ शकते. नाव दुकानाचं असल्यानं दुकान माल पुरवणारा केव्हाही बदलू शकतं; लेबल तेच राहतं, आतली चव दुसरी. शिवाय दुकानातला माणूस ‘हीच घ्या, चांगली आहे’ म्हणतो, तेव्हा चांगली कुणासाठी, हा प्रश्न उरतोच.

खरं तर हा प्रकार ब्रँडपेक्षा जुना आहे. ‘जॉनी वॉकर’वाल्या जॉन वॉकरनं 1820 मध्ये स्कॉटलंडच्या किलमार्नॉक गावात किराणा दुकान काढलं. आपल्याकडं चहाचे व्यापारी दोन-तीन पत्त्या मिसळून आपल्या नावाचा चहा विकतात, तसं त्या काळचे वाणी निरनिराळ्या भट्ट्यांची व्हिस्की मिसळून आपल्या नावानं विकत. अॅबर्डीनचे शिवास बंधूही किराणावालेच. लंडनच्या बेरी ब्रदर्स या जुन्या वाइन दुकानानं 1923 मध्ये ‘कटी सार्क’ ही व्हिस्की काढली. आज जगभर नामांकित म्हणून विकल्या जाणाऱ्या या बाटल्या जन्मानं दुकानाचा घरचा माल होत्या.

मग सदलग्याच्या दुकानदारानं आपल्या नावाची ‘क्वार्टर’ का काढू नये? कारण कारखाना आणि दुकान यांच्यामध्ये सरकार उभं आहे. कर्नाटकात 2003 पासून दारूचा घाऊक व्यापार राज्याच्या पेय महामंडळाकडं आहे. कारखान्यानं माल महामंडळाच्या डेपोत द्यायचा आणि परवानाधारकानं तिथूनच उचलायचा. प्रत्येक ब्रँडचं लेबल अबकारी खात्याकडून मंजूर करून घ्यावं लागतं. 1 जुलै 2007 पासून राज्यात ‘सारायी’ ही स्वस्त देशी दारू बंद झाली आणि ती पिणारा मोठा वर्ग याच स्वस्त पाकिटांकडं वळला. दारूची जाहिरात करता येत नाही, म्हणून कंपन्या सोडा आणि पाण्याच्या नावाखाली आपलं नाव लोकांपुढं ठेवतात. अशा बाजारात अनोळखी नाव उभं करायचं तर उरते फक्त फळी. कॉस्टकोत गिऱ्हाईक ढकलगाडी घेऊन फळ्यांमधून फिरतं, बाटली हातात घेतं, दर ताडून पाहतं. आपल्याकडच्या ‘वाइन्स’मध्ये ते जाळीबाहेर उभं असतं. “एक नाईंटी,” एवढं सांगून आत हात घालायचा आणि मिळेल ते घेऊन बाजूला व्हायचं.

राज्य सरकारची ‘एमएसआयएल’ ही कंपनीही कर्नाटकात दारूची दुकानं चालवते. गंमत म्हणजे हीच कंपनी ‘लेखक’ नावाच्या वह्या विकते. वहीला घरचं नाव मिळालं. दारूच्या फळीवर मात्र नावं बाहेरच्या कंपन्यांची.

केरळनं वेगळी वाट धरली. तिथं दारूची बहुतेक दुकानं ‘बेव्को’ या सरकारी महामंडळाची आणि त्यांत मिळणारी ‘जवान’ रम सरकारी मालकीच्या ट्रावणकोर शुगर्समध्ये, तिरुवल्ला इथं तयार होते. बनवणारं सरकार, विकणारंही सरकार. दुकानाच्या घरच्या मालाचं याहून जवळचं भारतीय उदाहरण सापडणं कठीण. स्वस्त आणि लोकप्रिय म्हणून तिला कायम मागणी असते.

अमेरिकेतही मधला सरकारी माणूस सहजासहजी हटला नाही. वॉशिंग्टन राज्यात कडक दारूची किरकोळ विक्री सरकारी दुकानांतूनच होई. ती मोडण्यासाठी कॉस्टकोनं 2011 च्या सार्वमतात सुमारे 2 कोटी 20 लाख डॉलर ओतले आणि बाजी मारली. जून 2012 पासून 10 हजार चौरस फुटांहून मोठ्या खाजगी दुकानांना विक्रीची मुभा मिळाली. लोकांना स्वस्ताईची आशा होती. पण कायद्यातच घाऊक विक्रीवर 10 टक्के आणि किरकोळ विक्रीवर 17 टक्के शुल्क होतं. ते किमतीवर चढलं आणि बाटल्या महागच झाल्या.

महाराष्ट्रात असा दरवाजा किलकिला होऊन थांबला. 27 जानेवारी 2022 रोजी मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली. अण्णा हजारेंसह अनेकांनी विरोध केला आणि निर्णय अमलात आला नाही. तो आला असता तर नाशिकच्या एखाद्या वायनरीनं मुंबईच्या सुपरमार्केटसाठी त्याच्या नावाची बाटली भरलीही असती. नाशिकला ते काम अपरिचित नाही. ब्रिटनमधल्या ‘मार्क्स अँड स्पेन्सर’च्या फळीवर गेल्या दशकात ‘ज्युवेल ऑफ नासिक’ नावाची वाइन होती, ती बनवली होती नाशिकच्याच सुला वायनरीनं. लंडनच्या गिऱ्हाइकाला त्या नावात नाशिक दिसलं, सुला दिसलं नाही.

सदलग्यात संध्याकाळी दुकानाच्या जाळीपुढं गर्दी वाढते, तेव्हा उसाच्या ट्रॉल्या शेजारूनच कारखान्याकडं सरकत असतात. त्यातल्या कुणा शेतकऱ्याच्या उसाची मळी काही महिन्यांनी पाकिटातून त्याच जाळीमागं येऊन बसेल. तिच्यावर लांबच्या कुठल्याशा कंपनीचं नाव असेल, आणि मागं बारीक अक्षरात कारखान्याचा पत्ता.