पाडलेल्या मोहल्ल्याचा नकाशा

गेल्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या फुफीच्या घरी केप टाउनहून फोन आला. फोन करणारा तिच्या चुलत्याचा नातू. वय पन्नाशीच्या पुढचे, बोलणे सगळे इंग्रजीतले. फुफीला इंग्रजी येत नाही, म्हणून तिने मला हाक मारली आणि फोन माझ्या हातात दिला.

सलाम-दुआ झाल्यावर त्याने एकच गोष्ट विचारली. "माझे दादा या गावातून बोटीने आफ्रिकेला आले. त्यांचे घर गावात कुठे होते?"

मी फुफीकडे पाहिले. ती म्हणाली, "होतं कुठंतरी खालच्या मोहल्ल्यात. बघायला पाहिजे." मी तेच त्याला सांगितले. क्षणभर तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "इथले आमचे घर सरकारने पाडले. तरी ते कुठे होते हे मी संग्रहालयात जाऊन बोट ठेवून दाखवू शकतो. तुमच्याकडे तर कुणी काही पाडले नाही. मग घर सापडत का नाही?"

तो रागाने बोलला नव्हता. पण मला ते लागले. मी वर्गात मुलांना इतिहास शिकवते. अकबर आणि शिवाजी महाराज शिकवते, फ्रेंच राज्यक्रांती शिकवते. माझ्याच गावातले एक घर मला दाखवता आले नाही.

तो ज्या संग्रहालयाबद्दल बोलत होता, त्याची हकीकत 'आपल्या घरा'तल्या सगळ्यांनी वाचावी अशी आहे.

सहावा विभाग

केप टाउन शहराचे पूर्वी नगरपालिकेने भाग पाडले होते. त्यातल्या सहाव्या भागाला १८६७ साली 'डिस्ट्रिक्ट सिक्स' हे नाव मिळाले. टेबल माउंटनच्या सावलीत, बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ही वस्ती होती. गुलामीतून सुटलेल्यांची मुलेबाळे, बंदरावरचे मजूर, शिंपी, गवंडी, मासे विकणारे, छोटे दुकानदार असे सगळे तिथे दाटीने राहत. इंडोनेशियाच्या बेटांवरून डचांनी कैदी किंवा गुलाम म्हणून आणलेल्या मुसलमानांचे वंशज होते, ख्रिस्ती होते, युरोपातून आलेले यहुदी होते, आफ्रिकन होते, आणि हिंदुस्थानातून गेलेलेही होते.

हिंदुस्थानातून गेलेल्यांत गुजरातचे लोक होते, तसे आपल्या कोकणातलेही होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला जुन्या रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांच्या गावांतून अनेक कोकणी मुसलमान तरुण केप टाउनला गेले. कुणी दुकानात नोकरी धरली, कुणी फळे-भाजी विकली, कुणी पुढे स्वतःचे दुकान टाकले. आजही केप टाउनमध्ये कोकणी मुसलमानांची घराणी आहेत. फुफीच्या चुलत्याचे घराणे त्यातलेच एक.

ही वस्ती म्हणजे काही स्वर्ग नव्हता, हेही सांगायला हवे. घरे जुनी होती, खोलीत माणसे जास्त होती, गुंडगिरी होती. मालक भाडे घेत, पण दुरुस्ती करत नसत. आणि माणसांना हाकलण्याची सुरुवातही इथे लवकर झाली. १९०१ साली प्लेगचे निमित्त करून इथल्या आफ्रिकन लोकांना शहराबाहेर नेण्यात आले.

पुढे वर्णभेदाचे राज्य आले. १९५० साली एक कायदा झाला. कुठल्या वर्णाच्या माणसाने शहराच्या कुठल्या भागात राहायचे हे त्या कायद्याने सरकार ठरवू लागले. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स फक्त गोऱ्यांसाठी राखीव असल्याचे जाहीर झाले. १९८२ पर्यंत ६०,००० हून अधिक माणसे तिथून उठवली गेली. शहराबाहेर साधारण २५ किलोमीटरवर वाळूचे उघडे माळरान होते, तिथे त्यांना घरे देण्यात आली. एकाच गल्लीतले शेजारी चार दिशांना गेले, कारण मलाय वेगळे, भारतीय वेगळे, आफ्रिकन वेगळे. मागे बुलडोझर फिरला.

बहुतेक मशिदी आणि चर्च मात्र उभे राहिले. मशिदीची जागा विकता येत नाही, या भूमिकेवर तिथले मुसलमान ठाम होते. आजूबाजूला एक घर उरले नाही, तरी अ‍ॅस्पेलिंग स्ट्रीटवरची अल-अजहर मशीद आणि म्यूर स्ट्रीटवरची जीनतुल इस्लाम मशीद जागेवर राहिल्या. जुन्या मोहल्ल्याचे लोक दूरवरून जुम्याच्या नमाजाला तिथेच येत राहिले. घर गेले, गल्ली गेली, पण सफमध्ये जुना शेजारी खांद्याला खांदा लावून उभा असे.

कबुतरांची गोष्ट

या मोहल्ल्यात वाढलेले नूर इब्राहिम नावाचे गृहस्थ पुढे संग्रहालयात लोकांना माहिती सांगू लागले. त्यांनी आपल्या आयुष्यावर पुस्तकही लिहिले. त्यांचे दादा सुरतहून गेलेले. नूर यांना शर्यतीच्या कबुतरांचा शौक होता. घर सोडावे लागले तेव्हा कबुतरेही त्यांनी नव्या वस्तीत नेली, नवीन खुराडे बांधले, बरेच दिवस कोंडून ठेवले. कबुतरांना नवी जागा कळली असेल असे वाटल्यावर एके दिवशी सोडली. संध्याकाळी एकही परत आले नाही. नंतर जुन्या रस्त्याने जाताना त्यांनी पाहिले, तर सगळी कबुतरे त्यांच्या पाडलेल्या घराच्या मोकळ्या जागेवर बसलेली होती.

ही गोष्ट मी सातवीच्या वर्गात सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरचा मुलगाही गप्प झाला. त्याचे आजोळ धरणाखाली गेले आहे.

संग्रहालय कसे उभे राहिले

त्या जमिनीवर सरकारला हवे तसे काही उभे राहिले नाही. एका भागात कॉलेजची इमारत झाली, बाकी बरीचशी जागा ओसाड पडून राहिली. १९८७ च्या सुमारास 'डिस्ट्रिक्ट सिक्सला हात लावू नका' अशी चळवळ सुरू झाली. तिच्यातून १९८९ मध्ये एक संस्था निघाली, आणि डिसेंबर १९९४ मध्ये ब्यूटेनकांट स्ट्रीटवरच्या एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये मोहल्ल्यातल्या रस्त्यांविषयीचे प्रदर्शन भरले. थोड्या दिवसांसाठी म्हणून भरवलेले हे प्रदर्शन बंदच करता आले नाही, कारण लोक येतच राहिले. तेच आजचे डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय.

त्यात सोन्याच्या मोहरा नाहीत, राजाची तलवार नाही. मग आहे काय?

जमिनीवर मोहल्ल्याचा भलामोठा नकाशा रंगवलेला आहे, वरून पारदर्शक आवरण. एकेकाळचे रहिवासी येतात, वाकतात, आपली गल्ली शोधतात आणि घर होते तिथे आपल्या हाताने कुटुंबाचे नाव लिहितात. वर रस्त्यांच्या नावांच्या जुन्या पाट्या टांगल्या आहेत. पाडकामावर असलेल्या एका माणसाने त्या फेकून न देता आपल्या घरात जपून ठेवल्या होत्या. पाडणाऱ्यांतल्याच एकाच्या हातून त्या वाचल्या!

शिवाय एक लांबच लांब कापड आहे. आलेले लोक त्यावर नाव आणि दोन ओळी लिहितात, नंतर ती अक्षरे सुईदोऱ्याने भरली जातात, म्हणजे पुसली जाऊ नयेत. आपल्या नानी-दादी उशीच्या अभ्र्यावर नाव भरत, तसेच.

एवढ्यावर काम थांबत नाही. माहिती सांगणारे बरेचसे स्वतः त्या मोहल्ल्यातून उठवलेले लोक असतात. 'घरचे स्वयंपाकघर' अशा अर्थाच्या नावाचा एक उपक्रम आहे. म्हाताऱ्या बायका एकत्र बसतात, जुने पदार्थ आठवतात, कृती कापडावर भरतात. त्यातून २०१६ साली आठवणींसह पाककृतींचे पुस्तक निघाले. दर वर्षी ११ फेब्रुवारीला लोक जुन्या वस्तीच्या जागी जमतात आणि एका ढिगावर आपापला दगड ठेवतात.

नुसते रडणे म्हणून कुणी याकडे पाहू नये. नव्या सरकारने १९९४ मध्ये जमीन परताव्याचा कायदा केला. १९९७ साली त्या न्यायालयाची डिस्ट्रिक्ट सिक्सबाबतची बैठक याच संग्रहालयात भरली. ११ फेब्रुवारी २००४ रोजी परतलेल्यांपैकी पहिल्या दोघा वृद्धांना नेल्सन मंडेला यांनी घराच्या किल्ल्या दिल्या. त्यानंतरचे काम फार संथ चालले, कित्येक जण वाट पाहून अल्लाहला प्यारे झाले. तरीही, 'इथे आम्ही राहत होतो' हे सांगणारी माणसे आणि कागद जपले गेले होते, म्हणून तर मागणी करता आली.

दुसऱ्यांनी सांगितलेले आपण

त्याच शहरात बो-काप नावाचा मुस्लिम मोहल्ला आहे. तिथे वेल स्ट्रीटवरच्या अठराव्या शतकातल्या एका घरात १९७८ पासून संग्रहालय आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मुस्लिम कुटुंबाचे घर म्हणून ते मांडले गेले. पण ते उघडले वर्णभेदाच्या काळात, बाहेरच्या तज्ज्ञांनी. पुढे तिथल्याच लोकांनी आणि अभ्यासकांनी तक्रार केली की यात आम्ही पाहुण्यांना दाखवायच्या नमुन्यासारखे दिसतो, आमच्या कष्टाची, गुलामीची, झगड्याची बात यात नाही.

आणि सांगण्यासारखे केवढे होते! इंडोनेशियातल्या तिदोरचे इमाम अब्दुल्लाह, ज्यांना लोक तुआन गुरू म्हणत, १७८० साली कैदी म्हणून केपला आणले गेले. त्यांनी कैदेत आठवणीतून कुरआन शरीफ हाताने लिहून काढले. सुटल्यावर त्यांनी मदरसा काढला. डॉर्प स्ट्रीटवरच्या अव्वल मशिदीचे ते पहिले इमाम. तिथल्या मदरशांतली मुले आफ्रिकान्स भाषा अरबी लिपीत लिहीत. तुर्कस्तानातून आलेले आलिम अबू बक्र एफेंदी यांचे अशा लिपीतले दीनी मसल्यांचे पुस्तक १८७७ साली इस्तंबूलमध्ये छापले गेले. भाषा एक, लिपी दुसरी, ही गंमत मराठी-उर्दू दोन्ही वाचणाऱ्या आपल्या घरांना वेगळी सांगायला नको.

दोन संग्रहालयांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. आपली गोष्ट आपण सांगितली नाही, तर कुणीतरी सांगतेच. पण मग ती त्याच्या सोयीची असते.

फुफीचे बोट

फोननंतरच्या रविवारी मी फुफीला घेऊन खालच्या मोहल्ल्यात गेले. वय ऐंशीच्या पुढचे, हातात काठी. विहिरीपाशी थांबली, मशिदीच्या मागच्या भिंतीकडे पाहिले, मग दहा पावले चालली. काजूच्या झाडाखाली जांभ्या दगडाचा जोता होता. पाचोळ्याने झाकलेला. ती म्हणाली, "हाच. इथं पडवी होती. चुलते गेले तेव्हा माझी आई इथं उभी राहून रडली, असं ती सांगायची."

मी तेवीस वर्षे त्या वाटेने शाळेत जाते. तो जोता मी कधी पाहिला नव्हता. मी फोटो काढले, फुफीचे बोलणे मोबाइलवर घेतले. पडवी, ओटा, माजघर, न्हाणी, सगळे तिने काठीने जमिनीवर काढून दाखवले. फोटो त्याच रात्री केप टाउनला गेले. उत्तरात त्याने लिहिले की पुढच्या वर्षी, इन्शाअल्लाह, मुलांना घेऊन येईन.

एक गुन्हा मात्र कबूल करते. पाच वर्षांपूर्वी आमच्या घराचे छप्पर बदलले, तेव्हा माळ्यावर सासऱ्यांच्या वडिलांची एक पेटी निघाली. वाळवी लागलेले कागद, उर्दूतली पत्रे, काही मोडीतले. कुणाला वेळ नव्हता. मीच ते रद्दीवाल्याला दिले. बीएड झालेली, उर्दू शिकवणारी मी! त्यात बोटीतून आलेली पत्रे होती की नव्हती, आता कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून सांगते, संग्रहालयासाठी इमारत आणि पैसा लागतोच असे नाही. येत्या ईदच्या सुट्टीत घरातल्या सर्वात वयस्कर माणसाजवळ बसा. मोबाइलवर त्यांचे बोलणे घ्या. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलने नावे आणि गाव लिहा. निकाहनामे, सातबारे, शाळेचे दाखले, पत्रे कोरड्या डब्यात ठेवा आणि त्यांचे फोटो काढून दोन नातेवाइकांकडे पाठवून द्या. मशिदीच्या जुन्या बांधकामाची तारीख कोरलेला दगड रंगाखाली गेला असेल, तर मुतवल्लींशी बोला. मोहल्ल्यातले हिंदू शेजारी, कोळी, कुंभार, ज्यांच्याशी आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे येणे-जाणे आहे, त्यांच्याही आठवणी घ्या. गाव सगळ्यांचे मिळून होते, त्याचा नकाशाही सगळ्यांचा मिळून व्हावा.

आमच्या शाळेत या वर्षी सातवीची मुले गावाचा नकाशा काढत आहेत. कापडावर, मोठा. ज्या घराचे नाव कळेल ते लिहायचे, पडलेल्या घराचेही. आतापर्यंत एकेचाळीस घरे झाली. खालच्या मोहल्ल्यातल्या काजूच्या झाडाजवळचे नाव फुफीने स्वतः लिहिले. तिला फक्त उर्दू लिहिता येते. एका मुलीने त्याच्याखाली मराठीत लिहिले.