टीव्ही बदलायचा की वायर?

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात दिवाळीच्या आसपास निघतो. घरचा टीव्ही दहा-बारा वर्षांचा झालाय, एचडी आहे, चालतोय पण मजा येत नाही. आता नवा ४के घ्यायचा का?

मला हा प्रश्न माझ्याच घरी पडला. साताऱ्याला आमच्याकडे २०१३ च्या दिवाळीत घेतलेला ३२ इंची टीव्ही आहे. मी पुण्यात नोकरी करते. एकदा आई फोनवर म्हणाली, "अगं, टीव्ही हल्ली अगदी धुरकट दिसतो. बाबा तर खुर्ची ओढत ओढत पार टीव्हीपाशी गेलेत." माझ्या खात्यात नुकताच पहिला बोनस आला होता, चाळीस हजार रुपये. मनातल्या मनात मी ५५ इंची टीव्ही भिंतीवर लावूनसुद्धा टाकला. बाबांचं नेहमीचंच, "चालतोय की, कशाला उगाच?" म्हटलं, आधी जाऊन भिंतीचं माप घेऊ आणि मग ऑर्डर टाकू.

माप घ्यायला गेले ते बरं झालं.

आधी ठिपक्यांचा हिशोब

टीव्हीचं चित्र ठिपक्यांचं बनलेलं असतं, त्यांना आपण पिक्सेल म्हणतो. आमच्या टीव्हीवर 'एचडी रेडी' असं स्टिकर आहे. म्हणजे आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके, एकूण साधारण साडेदहा लाख. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, जवळजवळ २१ लाख. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख.

आकडे बघून वाटतं, ८३ लाख कुठे आणि साडेदहा लाख कुठे! पण इथेच गंमत आहे. टीव्हीत ठिपके कितीही असू देत, चित्रात जेवढी माहिती आत येते तेवढीच तो दाखवणार. केबलवरची साधी, म्हणजे एसडी वाहिनी जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांची असते. म्हणजे चार लाखांच्या आसपास. ती आमच्या टीव्हीवर लावली, तर एका ठिपक्याचे अडीच करावे लागतात. तीच ४के टीव्हीवर लावली, तर एका ठिपक्याचे वीस! मधले एकोणीस टीव्ही अंदाजानं भरतो. महागडे टीव्ही हा अंदाज बऱ्यापैकी बांधतात, स्वस्तातले गडबडतात. त्यात पडदा मोठा असला की गडबड आणखी ठळक दिसते. म्हणून कधी कधी नवा मोठा टीव्ही घरी येतो, सगळे कौतुकानं बसतात, आईची मालिका लागते आणि ती आधीपेक्षा वाईट दिसते.

म्हणून पहिला प्रश्न टीव्हीबद्दलचा नाहीच. घरात काय बघतात आणि ते कुठून येतं, हा आहे.

टीव्हीच्या मागे डोकवा

मी मोबाइलचा टॉर्च लावून टीव्हीमागे डोकावले. सेट-टॉप बॉक्स एचडीचा होता, वर्षभरापूर्वीच बदललेला. पण बॉक्सपासून टीव्हीपर्यंत आलेली वायर कोणती? पिवळी-लाल-पांढरी. जुन्या डीव्हीडी प्लेअरला असायची ना, तीच. नवा बॉक्स बसवताना भिंतीवरून आधीच नेलेली वायर तशीच जोडून दिली होती.

या वायरचं गणित सोपं आहे. लाल आणि पांढरी आवाज नेतात, चित्र एकट्या पिवळीतून जातं. उजेड आणि रंग दोन्ही एकाच तारेत कोंबलेले असतात. एचडी चित्र त्यातून जातच नाही. म्हणजे बॉक्स एचडी, टीव्ही एचडी आणि मधला रस्ता बैलगाडीचा!

चौकातल्या दुकानातून एचडीएमआय केबल आणली, दोन-तीनशे रुपयांत. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्युशन १०८० केलं. मग वाहिन्यांकडे वळले. एसडी आणि एचडी या वेगवेगळ्या वाहिन्या असतात आणि त्यांचे पैसेही वेगळे. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नियमांनुसार आपल्याला हव्या त्या वाहिन्या निवडून घेता येतात. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या आहेत. आई रोज बघते त्या तीन वाहिन्या एचडी करून घेतल्या आणि कोणीच न बघणाऱ्या पाच-सहा काढून टाकल्या. महिन्याच्या बिलात फारसा फरक पडला नाही.

संध्याकाळी मालिका लागली. आई दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "अगंबाई, हिच्या साडीला बारीक बुट्टे आहेत होय!"

तेव्हा मंडळी, ऑर्डर टाकण्याआधी टीव्हीच्या मागे एकदा बघा. पिवळी वायर दिसली, तर तुम्ही तुमचा एचडी टीव्ही अजून एचडीत बघितलेलाच नाही.

आता टेप काढा

दुसरा प्रश्न अंतराचा. निरोगी डोळ्याला एका मर्यादेपर्यंतच बारकावा दिसतो. अंशाचे साठ भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा. त्याहून लहान ठिपके एकमेकांत मिसळून जातात. या हिशोबानं ३२ इंची एचडी रेडी टीव्हीचे ठिपके सुमारे सहा फुटांपलीकडे वेगळे दिसत नाहीत. ४३ इंची फुल एचडीचे साडेपाच फुटांपलीकडे आणि ५५ इंची फुल एचडीचे सात फुटांपलीकडे.

आमच्या हॉलमध्ये सोफ्यापासून टीव्ही नऊ फुटांवर आहे. म्हणजे तिथे बसून ५५ इंचीसुद्धा फुल एचडी आहे की ४के, हे निव्वळ ठिपक्यांवरून ओळखता येणार नाही. दुकानात मात्र आपण टीव्हीपासून तीन फुटांवर उभे असतो आणि समोर खास बनवलेला ४के व्हिडिओ चालू असतो, पोपटाचं एकेक पीस दाखवणारा. तिथे फरक दिसतोच. पण घरी काही आपण पोपट बघत नाही आणि टीव्हीला नाक लावूनही बसत नाही.

मग तुम्ही म्हणाल, "तरीही मला घरचा टीव्ही फिका वाटतो, मोबाइलवर किती भारी दिसतं!" बरोबर आहे. त्याचंही गणित करून बघितलं. साडेसहा इंची मोबाइल आडवा धरला की व्हिडिओची रुंदी साधारण १२ सेंटीमीटर असते आणि तो आपण डोळ्यांपासून ३० सेंटीमीटरवर धरतो. आमच्या टीव्हीची रुंदी ७१ सेंटीमीटर आहे, पण तो २७० सेंटीमीटरवर! डोळ्याला मोबाइलचं चित्र त्या टीव्हीच्या दीडपट मोठं दिसतं. ४३ इंचीसुद्धा नऊ फुटांवरून मोबाइलपेक्षा लहानच दिसतो. ५५ इंची जेमतेम पुढे जातो.

म्हणजे जुन्या टीव्हीत आपल्याला खटकतं ते बहुतेक वेळा ठिपके कमी असल्यामुळे नाही, तर पडदा लहान पडल्यामुळे. यावर दोन उपाय आहेत, मोठा टीव्ही घ्या किंवा सोफा पुढे सरकवा. दुसरा फुकट आहे.

'स्मार्ट' नाही म्हणून बदलायचा?

आमचा टीव्ही स्मार्ट नाही. पण त्याला एचडीएमआयची दोन पोर्ट आहेत. अशा टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक लावली की काम झालं. साधारण तीन ते पाच हजारांत येते. ज्यांचा टीव्ही स्मार्ट आहे पण आता रडतखडत चालतो, ॲप अपडेट होत नाहीत, त्यांनाही हेच सांगेन. टीव्हीचा पडदा दहा-बारा वर्षं आरामात टिकू शकतो, त्यातला कॉम्प्युटर मात्र चार-पाच वर्षांत म्हातारा होतो. म्हाताऱ्या कॉम्प्युटरपायी धडधाकट पडदा भंगारात काढू नका.

४के साठी टीव्हीशिवाय आणखी काय लागतं, तेही मोजा. नेटफ्लिक्सनं डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर उतरवले, तेव्हा ४के चा प्लॅन ६४९ रुपयांवर आला आणि मोबाइलचा १४९ वर. हा मोबाइलवाला प्लॅन टीव्हीवर चालत नाही, हे बऱ्याच जणांना टीव्ही घेतल्यावर कळतं. शिवाय ४के चं एका तासाचं चित्र ७ जीबीपर्यंत डेटा खातं. रोजच्या दोन जीबीच्या हॉटस्पॉटवर वीस मिनिटांतच खेळ खल्लास. घरात वाय-फाय नसेल, तर ४के टीव्हीवर तुम्ही एचडीच बघणार.

मग नवा कधी घ्यायचा?

घेऊच नका, असं मी म्हणत नाही. पडद्यावर उभ्या रेघा आल्या असतील किंवा पॅनेल फुटलं असेल, तर घ्या, कारण पॅनेल बदलायचा खर्च बहुतेकदा नव्या टीव्हीच्या जवळ जातो. पण आवाज येतोय आणि चित्र मात्र काळं, असं असेल तर आधी मेकॅनिकला दाखवा. अंधारात पडद्यावर टॉर्च मारा. चित्र पुसट दिसलं, तर बरेचदा मागची एलईडीची पट्टी गेलेली असते आणि ती बदलता येते. एचडीएमआय पोर्टच नसेल, पाच-सहा फुटांवर बसून गेम खेळत असाल, किंवा मॅचला दहा जण जमत असतील आणि मागच्याला स्कोअर दिसत नसेल, तर मोठा टीव्ही जरूर घ्या.

घेताना ठिपक्यांसाठी जास्त पैसे मोजू नका. ४३ इंचाच्या पुढे बहुतेक टीव्ही तसेही ४के च असतात. लांबून डोळ्याला कळतात त्या गोष्टी वेगळ्या: पडदा किती मोठा, काळा रंग किती गडद, उजेड किती, बाजूनं बघितलं तर रंग उडतात का. घरात लोक सोफ्याच्या दोन्ही टोकांना बसत असतील, तर आयपीएस पॅनेल बरं. अंधारात सिनेमे बघत असाल, तर व्हीए बरं, त्यात काळा रंग जास्त गडद येतो. दुकानदाराला पोपट बंद करायला सांगा आणि साधी मराठी वाहिनी लावायला सांगा. नऊ फूट मागे जाऊन बघा. आवाजही ऐका, कारण बारीक टीव्हीचे स्पीकर बारीकच असतात.

पैशांचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. म्हणजे ३० हजारांच्या मूळ किमतीवर तीन हजारांचा फरक. जुनी जाहिरात बघून घासाघीस करत असाल, तर हे लक्षात असू द्या.

आणि बाबांची खुर्ची

आता राहिलेली गोष्ट. वायर बदलली, वाहिन्या बदलल्या, आई खूश. बाबांची खुर्ची मात्र तिथेच, टीव्हीपासून चार फुटांवर. म्हटलं, "बाबा, आता तरी मागे बसा." ते म्हणाले, "तुझ्या आईला दिसत असेल. मला रंग उडाल्यासारखेच दिसतात बाई."

मला चटकन काही सुचलं नाही. एकच टीव्ही, एकच संध्याकाळ. एकीला साडीचे बुट्टे दिसतायत आणि दुसऱ्याला रंगही दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजव्या डोळ्यात जास्त. डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, रंग फिके आणि पिवळट वाटायला लागतात, आणि हे इतकं हळूहळू होतं की माणसाला वाटतं, टीव्हीच जुना झालाय. बाबा दोन वर्षं खुर्ची पुढे ओढत होते आणि आम्ही त्यांना हसत होतो.

बोनसमधले बरेचसे पैसे दोन ऑपरेशनमध्ये गेले. टीव्ही तोच आहे. मागच्या महिन्यात गेले तेव्हा खुर्ची परत भिंतीला लागलेली होती आणि बाबा तिथून मला सांगत होते, "बातम्यांच्या खालची पट्टी किती भरभर पळवतात गं हे लोक!"

मी ५५ इंची घेतला असता, तर त्यांना थोडं मोठं दिसलं असतं आणि आम्ही आणखी एक-दोन वर्षं गाफील राहिलो असतो. म्हणून यादीत एक गोष्ट वाढवा. मागची वायर बघा, सोफ्याचं अंतर मोजा आणि टीव्हीपुढे बसणाऱ्या माणसाला विचारा, नक्की काय दिसत नाही.

चला, भेटूया पुढच्या भागात. तोवर घरी फोन करा आणि खुर्ची कुठे आहे ते विचारा.