इन्सुलिन पंपातील वारंवार उद्भवणाऱ्या अडचणी : खान्देशातील हवामान व जीवनपद्धतीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मधुमेहाच्या टाइप १ या प्रकारात स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशी नष्ट होतात. अशा रुग्णास बाहेरून इन्सुलिन घेतल्याशिवाय जगता येत नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास पहिल्यांदा इन्सुलिन टोचण्यात आले. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ सुई आणि सिरिंज हेच या रुग्णांचे साधन होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये जॉन पिकअप व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडणाऱ्या लहान पंपाचा प्रयोग केला. आज खिशात मावणारा इन्सुलिन पंप हे त्याच प्रयोगाचे विकसित रूप होय.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीच्या पहिल्या टप्प्यात (२०११) महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले होते. त्यातील बहुसंख्य रुग्ण टाइप २ चे असतात व त्यांना पंपाची गरज पडत नाही. पंप वापरणारा वर्ग लहान आहे. परंतु जळगाव-धुळे परिसरातील अशा कुटुंबांपुढील प्रश्न मुंबई-पुण्यातील कुटुंबांपेक्षा वेगळे आहेत. पंपासोबत मिळणारी माहितीपुस्तिका समशीतोष्ण देशातील, वातानुकूलित घरातील वापरकर्ता डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातील किंवा साक्री-शिरपूरच्या खेड्यातील मे महिना तिच्यात कोठेही नसतो. प्रस्तुत लेखात पंपाच्या पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या अडचणींचा विचार या दृष्टीने केला आहे.

पंपाचे कार्य आणि त्यातील धोका

पंपात इन्सुलिनची लहान कुपी बसवलेली असते. तिच्यातील दट्ट्या मोटरच्या साहाय्याने अत्यंत मंद गतीने पुढे सरकतो व इन्सुलिन बारीक नळीतून त्वचेखालील मऊ कॅन्युलात जाते. दिवसभर थेंबाथेंबाने मिळणाऱ्या मात्रेस 'बेसल' म्हणतात, तर जेवणाच्या वेळी बटण दाबून घ्यावयाच्या मात्रेस 'बोलस' म्हणतात. नळी व कॅन्युला मिळून जो संच होतो, तो साधारणतः दर दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो.

पंपात केवळ शीघ्र परिणाम करणारे इन्सुलिन वापरतात. सुईने उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचा साठा असतो. पंप वापरणाऱ्याच्या शरीरात असा साठा नसतो. त्यामुळे पुरवठा खंडित झाल्यास काही तासांतच रक्तातील साखर चढते, चरबीच्या विघटनातून कीटोन आम्ले साचू लागतात आणि 'कीटोअॅसिडोसिस' ही प्राणघातक अवस्था एका रात्रीत ओढवू शकते.

खान्देशात या धोक्याला आणखी एक पदर आहे. खूप तहान, मळमळ, उलट्या, पोटदुखी व गळून जाणे ही कीटोअॅसिडोसिसची लक्षणे होत. एप्रिल-मेमध्ये हीच लक्षणे दिसली की घरातील वडीलधारी माणसे 'ऊन लागले' असे निदान करतात व साखर घातलेले कैरीचे पन्हे, लिंबूसरबत किंवा उसाचा रस देतात. इतरांच्या बाबतीत हा उपचार योग्यच असतो. पंप लावलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र तो आगीत तेल ओतण्यासारखा ठरतो. म्हणून अशा घरात उलटी झाल्याबरोबर प्रथम रक्तशर्करा व लघवीतील कीटोन तपासणे आणि मगच पेय देणे, हा क्रम घरातील प्रत्येकास, विशेषतः आजी-आजोबांस, ठाऊक असला पाहिजे.

वारंवार येणाऱ्या अडचणींची कारणे

साखर विनाकारण वाढू लागली की प्रथम संशय यंत्रावर जातो. यंत्रातील दोष खरोखरही असू शकतात. कुपी जागेवर धरून ठेवणारी कडी तुटत असल्याने मेडट्रॉनिक कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या ६०० मालिकेतील काही पंपांबाबत वापरकर्त्यांना सूचना पाठविली, व अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२० मध्ये ही बाब सर्वाधिक गंभीर श्रेणीत नोंदविली. कुपी बसविताना कडी सैल, तडकलेली वा गहाळ तर नाही ना, हे पाहण्यास क्षणभरही लागत नाही. तथापि तीच ती अडचण दर आठवड्यास येत असेल, तर तिचे मूळ बहुधा यंत्राबाहेर, म्हणजे नळी, त्वचा, इन्सुलिन व हवामान यांत शोधावे लागते.

नळीतील हवेचे बुडबुडे हे यांपैकी नेहमीचे कारण. थंड द्रवात हवा अधिक प्रमाणात विरघळलेली असते. फ्रिजमधून काढलेले इन्सुलिन लगेच पंपाच्या कुपीत भरले व पंप अंगाला लावला, की द्रव तापतो आणि हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. पंपातील इन्सुलिन मिलिलिटरला १०० युनिट शक्तीचे असल्याने ०.०१ मिलिलिटर हवेचा बुडबुडा म्हणजे १ युनिट इन्सुलिनची तूट होय. प्रौढास ही तूट जाणवणार नाही. सहा वर्षांच्या मुलास निश्चित जाणवते. कुपी भरण्यापूर्वी इन्सुलिन खोलीच्या तापमानास येऊ देणे हा साधा उपाय आहे.

कॅन्युला वाकणे वा नळी तुंबणे हे दुसरे कारण. अशा वेळी पंप गजर देतो, परंतु तो तत्काळ देत नाही. आत दाब पुरेसा वाढल्यावरच अडथळा यंत्राच्या लक्षात येतो. समजा, गजर होण्यासाठी २ युनिट इन्सुलिन अडकावे लागते आणि मुलाची बेसल मात्रा तासाला ०.२५ युनिट आहे. तर गजर होईपर्यंत आठ तास लोटतील. रात्री दहाला वाकलेल्या कॅन्युलाची वार्ता सकाळी सहाला कळेल. यास्तव संच झोपण्यापूर्वी बदलू नये. तो सकाळी किंवा दुपारच्या जेवणापूर्वी बदलावा व दोन तासांनी साखर तपासावी.

त्वचेचा प्रश्न हळूहळू निर्माण होतो. सोयीची म्हणून एकाच जागी कॅन्युला बसवत गेल्यास तेथील चरबी घट्ट व फुगीर होते. या गाठीतून इन्सुलिन कधी उशिरा तर कधी एकदम शोषले जाते. पंप निर्दोष, इन्सुलिन ताजे, तरीही आकडे वेडेवाकडे, असे चित्र दिसल्यास बोटांनी त्वचा चाचपून पाहावी व त्या जागेस काही महिने विश्रांती द्यावी. उन्हाळ्यात घामामुळे चिकटपट्टी सुटते. जागा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करणे, तेथे तेल न लावणे व वरून जादा पट्टी लावणे यांनी हा त्रास बराच आटोक्यात येतो.

इन्सुलिनची शक्ती : एक दुर्लक्षित बाब

भारतात आजही कुपीतील इन्सुलिन बव्हंशी मिलिलिटरला ४० युनिट या शक्तीचे मिळते. पंपाची सर्व गणिते मात्र १०० युनिट शक्तीवर आधारलेली असतात. नेहमीचे इन्सुलिन संपले, तालुक्याच्या दुकानात ४० युनिटची कुपी मिळाली आणि तीच पंपात भरली, तर पंप जेथे १० युनिट दाखवेल तेथे शरीरात प्रत्यक्षात ४ युनिटच जातील. यंत्र सुरळीत चालू राहील, गजर होणार नाही आणि साखर मात्र उतरणार नाही.

याच्या उलट चूक अधिक घातक आहे. पंप बंद पडल्यावर घाईत १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या, म्हणजे ४० युनिटसाठीच्या सिरिंजमध्ये ओढले, तर १० च्या खुणेपर्यंत पाव मिलिलिटर द्रव येतो व शरीरात २५ युनिट जातात. अडीचपट मात्रेमुळे साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. १०० युनिटसाठी नारिंगी टोपणाची सिरिंज असते. घरात तीच ठेवावी, किंवा त्याहून उत्तम म्हणजे पेन ठेवावे. त्यात ही गफलत होत नाही.

उष्मा, वीज आणि माठ

न वापरलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावयाचे असते, व पंपातील इन्सुलिन ३७ अंशांपेक्षा अधिक तापल्यास टाकून द्यावे, अशी उत्पादकांची सूचना असते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. पंप शरीराला चिकटलेला, वर कपडा आणि दुपारी मोटारसायकलवरचा प्रवास, असे असता कुपीतील इन्सुलिन ही मर्यादा सहज ओलांडते. म्हणून उन्हाळ्यात कुपी अर्धीच भरावी, दर दोन दिवसांनी बदलावी आणि पंप कपड्याच्या वर परंतु थेट उन्हापासून दूर राहील असा बांधावा. उन्हामुळे रक्ताभिसरण वाढून त्वचेखालील इन्सुलिन लवकरही शोषले जाते, हेही विसरता येत नाही. शेतातून परतलेल्या तरुणाची साखर दुपारी अचानक खाली येते व पंपाने जादा इन्सुलिन सोडले असा त्याचा समज होतो. अशा वेळी तीन चमचे साखरेचे पाणी द्यावे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी साखर तातडीने वाढविण्याच्या कामी ती मंदच!

पंप स्वतः सामान्यतः बॅटरीवर चालतो, त्यामुळे वीज गेल्याने तो थांबत नाही. अडचण फ्रिजची असते. भारनियमनाच्या वर्षांत, दीपनगरचे औष्णिक केंद्र जिल्ह्यातच असूनही, येथील गावांनी अंधारात काढलेले तास जुन्या पिढीस आठवत असतील. आता स्थिती सुधारली असली तरी वळवाच्या वादळानंतर वीज खंडित होतेच. अशा वेळी माठ उपयोगी पडतो. मातीच्या भांड्यातून पाणी झिरपते, त्याचे बाष्पीभवन होते आणि आतील उष्णता शोषली जाते. हवा जितकी कोरडी तितका परिणाम अधिक; म्हणून खान्देशच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ चांगले काम करतो आणि श्रावणातील दमट हवेत त्याचा गुण फारसा उरत नाही. कुपी घट्ट झाकणाच्या डबीत घालून मगच ठेवावी. बर्फात थेट ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. केनियातील दगाहाले निर्वासित छावणीतील तापमान आधार मानून केलेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५ ते ३७ अंशांदरम्यान चढउतार होत असतानाही कुपीतील इन्सुलिन चार आठवडे टिकल्याचे आढळले. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. परंतु तो कुपीतील इन्सुलिनविषयी आहे, अंगावरच्या पंपाविषयी नव्हे.

सामाजिक बाजू

आखाजीचा सण म्हणजे माहेरवाशिणींचा सण. खापरावरची पुरणपोळी, आंब्याचा रस आणि झोके. त्या रात्री साखर वाढली तर तो दोष पंपाचा नसून पुरण व रस यांची साखर अनेक तास रक्तात येत राहते, याचा असतो. मात्रा थोडी लगेच व उरलेली दोन-तीन तासांत विभागून देण्याची सोय पंपात असते, ती डॉक्टरांकडून शिकून घ्यावी. झोक्यात नळी अडकून कॅन्युला निघणे ही मात्र खरी अडचण आहे.

याहून गंभीर प्रश्न लपविण्याचा आहे. लग्नाच्या वयाच्या मुलीचा आजार चारचौघांत कळू नये म्हणून पंप कपड्याच्या आत खोल दडविला जातो, गजराचा आवाज बंद करून कंपन ठेवले जाते आणि पाहुण्यांच्या गर्दीत ते जाणवत नाही. वारंवार 'बिघडणारा' पंप कित्येकदा केवळ न ऐकलेला पंप असतो. आजार लपवून जमविलेला विवाह टिकण्याची शाश्वती नसते, हा भाग वेगळाच. सूचना इंग्रजीत आणि घरात बोलणे अहिराणीत, या अंतरामुळेही गजराचा अर्थ लागत नाही. प्रत्येक सूचनेचे शब्द देवनागरीत लिहून समोर घरच्या बोलीत कृती लिहिलेला कागद फ्रिजच्या दारावर लावणे हे काम शाळकरी भावंडही करू शकते.

नोंदवही आणि सुईकडे परतण्याची तयारी

अडचण तिसऱ्यांदा आली की सुटे भाग बदलत बसण्याऐवजी नोंद ठेवावी : संच कोणत्या दिवशी, कोणत्या जागी बसविला, कुपी केव्हा उघडली, त्या वेळचे ऊन, गजराचे शब्द, साखर. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींतून बहुधा एक आकृती दिसू लागते. साखर नेहमी तिसऱ्या दिवशी चढत असेल तर संच लवकर बदलावा. डाव्या बाजूलाच चढत असेल तर त्वचा तपासावी. नवी कुपी उघडल्यावर थांबत असेल तर साठवणुकीकडे पाहावे. कंपनीच्या प्रतिनिधीशी दूरध्वनीवर बोलतानाही 'पंप नीट चालत नाही' या तक्रारीपेक्षा अशी वही अधिक उपयोगी पडते.

साखर सलग दोनदा २५० मिलिग्रॅमच्या वर आली, तर पंपावर विसंबू नये. दुरुस्तीची मात्रा डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे पेनने घ्यावी, कीटोन तपासावेत व नंतर संच बदलावा. कीटोन वाढलेले असून उलट्या थांबत नसतील, तर घरी वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. पंप पूर्ण बंद पडल्यास पर्यायी यंत्र मुंबई-पुण्याहून येईपर्यंत दोन-चार दिवस जाऊ शकतात. यंत्राबरोबर त्यातील बेसल व बोलसचे आकडेही नाहीसे होतात, म्हणून ते कागदावर उतरवून ठेवावेत. दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन, पेन, सुया व कीटोनपट्ट्या घरात सदैव असाव्यात आणि त्यांच्या मुदतीची तारीख दर सहा महिन्यांनी पाहावी.

सुईकडे परतणे हे अनेक पालकांना अपयश वाटते. वस्तुतः अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवरील, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रख्यात अभ्यासात काटेकोर उपचारांचा लाभ ज्या गटास झाला, त्यात पंप वापरणारे होते तसेच दिवसातून तीन वा अधिक वेळा सुई घेणारेही होते. काही दिवस सुईवर काढल्याने काही बिघडत नाही. नवा पंप आल्यावर मात्र एक काळजी घ्यावी. आदल्या रात्री घेतलेल्या दीर्घकालीन इन्सुलिनचा प्रभाव साधारण चोवीस तास टिकतो. तो संपण्यापूर्वीच पंपाची बेसल पूर्ण प्रमाणात सुरू केल्यास शरीरात दुहेरी मात्रा जमा होते. म्हणून ते इन्सुलिन केव्हा घेतले याची वेळ वहीत पाहून, तेवढे तास उलटेपर्यंत बेसल किती ठेवावी हे डॉक्टरांना विचारावे व मगच पंप पूर्ववत सुरू करावा.