परिवर्तित ग्रंथ आणि सामूहिक देवाणघेवाण : मिश्रमाध्यम पृष्ठनिर्मितीचे स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना

पुस्तकाला चुकून पाय लागला तर नमस्कार करण्याची आणि दसऱ्याला ग्रंथांची पूजा करण्याची रीत ज्या समाजात आहे, त्या समाजातील वाचकास छापील पुस्तकाची पाने रंगविणे, कापणे, शिवणे हा कलाप्रकार प्रथमदर्शनी अप्रशस्त वाटणे स्वाभाविक आहे. इंग्लंड-अमेरिकेत तो ‘अल्टर्ड बुक’ या नावाने रूढ असून मराठीत त्यास ‘परिवर्तित ग्रंथ’ म्हणता येईल. जुन्या छापील पुस्तकालाच चित्रफलक मानून त्याच्या पानांवर रंग, शाई, कोलाज, दोरा, कापड अशा विविध माध्यमांनी काम करावयाचे. मात्र त्याचे पुस्तकपण नाहीसे होऊ द्यावयाचे नाही, असे त्याचे स्वरूप आहे. हे काम अनेकजण आपापली पुस्तके एकमेकांकडे पाठवून करतात, तेव्हा एक निराळा प्रश्न उद्भवतो. पुस्तकाची विटंबना होते काय, हे बहुधा प्रथम विचारले जाते. प्रत्यक्षात अधिक नाजूक प्रश्न सहकाऱ्याने केलेल्या पानाचा आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुषंगाने विवेचन केले आहे.

पूर्वपीठिका

छापील पुस्तकात वाचकाने स्वतःची भर घालण्याची हौस जुनी आहे. जेम्स ग्रेंजर यांचा इंग्लंडमधील व्यक्तींच्या चरित्रांचा ग्रंथ १७६९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आपल्या प्रतीत त्या व्यक्तींची मुद्रित चित्रे चिकटविण्याचे वेड तेथील संग्राहकांत पसरले. ही चित्रे मिळविण्यासाठी इतर पुस्तके फाडली गेली, हे त्या हौसेचे कमी सांगितले जाणारे अंग.

आधुनिक काळातील सर्वांत ठळक उदाहरण टॉम फिलिप्स (१९३७-२०२२) या इंग्रज चित्रकाराचे. १९६६ मध्ये लंडनच्या पेकहॅम राय भागात त्यांनी तीन पेन्सना एक जुनी कादंबरी विकत घेतली. डब्ल्यू. एच. मॅलॉक यांची १८९२ सालची ही ‘अ ह्यूमन डॉक्युमेंट’. तिच्या प्रत्येक पानावरील काही शब्द तसेच ठेवून उरलेला मजकूर त्यांनी चित्राखाली झाकला. उरलेल्या शब्दांतून नवे कथानक, एवढेच नव्हे तर नवा नायकही निर्माण झाला. ‘टुगेदर’ किंवा ‘ऑल्टुगेदर’ हे शब्द ज्या पानावर येतात तेथेच हा ‘टोज’ अवतरतो, कारण त्याचे नाव त्या अक्षरांतूनच घडले आहे! पान दुमडले असता मूळ शीर्षकाचा मधला भाग लपला आणि ‘अ ह्युम्युमेंट’ हे नाव आयतेच मिळाले. फिलिप्स पुढे हीच पाने पुनःपुन्हा नव्याने करीत राहिले. २०१६ च्या अखेरच्या आवृत्तीपर्यंत आरंभीच्या सर्व ३६७ पानांची जागा नव्या पानांनी घेतली होती. त्यांनी बदलले ते स्वतःचेच काम, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावयास हवी.

सामूहिक निर्मितीचा वारसा दुसरीकडून आला. १९२५ च्या सुमारास पॅरिसमधील अतिवास्तववादी मंडळी कागदाची घडी घालून आधीच्याचे रेखाटन झाकीत व पुढचा भाग दुसऱ्याकडून काढून घेत. अमेरिकेत रे जॉन्सन यांनी टपालाने चित्रे पाठवून ‘भर घाला आणि परत पाठवा’ असे सांगण्याचा परिपाठ ठेवला. पहिल्या पद्धतीत आधीचे काम दिसतच नाही, दुसऱ्या पद्धतीत त्यावर हात चालविण्याचे स्पष्ट निमंत्रण असते. परिवर्तित ग्रंथाच्या फेऱ्यात मात्र आधीचे काम समोर उघडे असते आणि त्याला हात लावण्याचे निमंत्रण बहुधा नसते.

पानाची घडण

पुस्तकाचा कागद पातळ असतो. ओल्या रंगाने तो फुगतो व वाकतो. म्हणून प्रथम दोन-तीन पाने एकमेकांना चिकटवून जाड पान तयार करतात. त्यावर जेसो, म्हणजे चित्रफलकास देतात तो पांढरा अस्तररंग, पातळ हाताने द्यावा. अक्षरे अंधुक दिसत राहिली तर उत्तमच. सर्व मजकूर बुजवून टाकावयाचा असेल तर कोरी वही काय वाईट? मग रंग, कोलाज, ठसे, दोऱ्याची शिवण अशी भर पडते. चिकटविलेल्या पानांत खिडकी कापून पुढील पानाचा तुकडा दृष्टीस आणता येतो.

नवशिक्यांचे काम बिघडते ते बहुतेक बांधणीत. भर पडून पुस्तक फुगते आणि पाठ फाटते. यासाठी आरंभीच काही पाने शिवणीलगत बोटभर पट्टी ठेवून कापून काढावीत. नुसत्या डिंकावर बांधलेल्या पुस्तकाची पाने सुटतात. दोऱ्याने शिवलेलेच निवडावे. अ‍ॅक्रिलिक रंग वाळल्यावरही दाबाखाली परस्परांना चिकटतात, तेव्हा पुस्तक पाठविताना पानांमध्ये मेणकागद घालावा. ही सूचना किरकोळ नव्हे. चिकटलेले पान उलगडताना फाटते ते दुसऱ्याचे असते.

देवाणघेवाणीची रीत

देवाणघेवाणीच्या दोन रीती आहेत. समजा, आठजण सहभागी आहेत. पहिल्या रीतीत प्रत्येकजण सुटी आठ पाने करून संयोजकाकडे देतो व आठ जणांचे एकेक पान घेऊन त्यांची बांधणी करतो. दुसऱ्या रीतीत प्रत्येकजण एक पुस्तक निवडून विषय ठरवतो, समोरासमोरची दोन पाने करतो आणि ठरल्या दिवशी पुस्तक पुढे पाठवितो. आठव्या पाठवणीत ते स्वगृही येते. दोन्हीकडे एकूण कामे ६४ च. पहिली रीत सोपी व सुरक्षित आहे, पण तीत कोणी कोणाला उत्तर देत नाही. दुसरीत पाचव्या माणसाला आधीच्या चौघांची पाने उलटूनच स्वतःचे पान गाठावे लागते. त्यांचा रंग, त्यांची खिडकी, त्यांनी सोडलेली जागा यांचा विचार त्याच्या पानात उतरतो. एक पुस्तक हरवले किंवा एकाने दोन महिने अडवून ठेवले तर सर्वांचा फेरा खुंटतो. तरीही दुसरी रीतच अधिक फलदायी म्हणावी लागेल.

येथेच मूळ प्रश्न येतो. मॅलॉक यांच्या कादंबरीच्या एका प्रतीवर रंग चढल्याने कादंबरी नष्ट झाली नाही. ती अन्य प्रतींत जशीच्या तशी आहे. सहकाऱ्याचे पान मात्र एकमेव असते. त्यावर ‘थोडी सुधारणा’ म्हणून मारलेला एक हात ते कायमचे पुसू शकतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे विज्ञान भवनातील भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढले गेले. त्याविषयीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ५७ चा आधार घेऊन कलाकृतीचा नाश हाही कलावंताच्या नैतिक अधिकाराचा भंग ठरतो असे मानले व ५ लाख रुपये भरपाई दिली. टपालाने फिरणाऱ्या पानास तो निर्णय तसाच लावणे धाडसाचे होईल. परंतु वस्तूची मालकी आणि कृतीचे कर्तृत्व यांतील भेद त्यातून स्पष्ट होतो. फेऱ्यातील पुस्तक एकाचे, पाने आठ जणांची. म्हणून पुस्तकाच्या मालकाने पहिल्या पानावरच तीन गोष्टी लिहून द्याव्यात: विषय कोणता, कोणती पाने मोकळी आहेत आणि आधीच्या कामात भर घालण्यास अनुमती आहे की नाही. शेवटी सह्यांसाठी एक पान राखावे.

महाविद्यालयात असा फेरा योजावयाचा तर ग्रंथालयाने रीतसर निर्लेखित केलेली पुस्तके घ्यावीत: कालबाह्य अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके, जुन्या वार्षिक निर्देशिका, ज्यांच्या पुष्कळ प्रती अन्यत्र आहेत अशी. पिवळा पडून तुकडे होणारा आम्लयुक्त कागद टाळावा. स्थानिक मुद्रणालयाची छोटी आवृत्ती, एखाद्या वाचकाच्या हस्ताक्षरातील टिपा असलेली प्रत किंवा जुनी पोथी हाती लागली तर ती ग्रंथपालाकडे परत द्यावी. तिची दुसरी प्रत नसते, आणि त्या बाबतीत ती सहकाऱ्याच्या पानासारखीच आहे.