बोबड्या बोलांच्या आधी

१९८०च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत मानसशास्त्र शिकविणाऱ्या लिंडा अ‍ॅक्रेडोलो यांच्या वर्षाच्या मुलीने फुलाकडे बोट दाखवून हुंगल्यासारखे केले, आणि पुढे एका दवाखान्यात काचेच्या पेटीतले मासे दिसताच ती त्यांच्या दिशेने फुंकर घालू लागली. हुंगणे समजण्याजोगे होते. फुंकरीचा उलगडा मात्र पाळण्यावर टांगलेल्या खेळण्यातल्या माशांची आठवण झाली तेव्हा झाला, कारण ते हलावेत म्हणून आईच त्यांवर फुंकर घालीत असे. ‘मासा’ हा शब्द जिभेवर येण्यास अद्याप अवकाश असलेल्या त्या मुलीने, माशांच्या सान्निध्यात जी कृती पाहिली तिलाच माशाचे नाव करून टाकले होते, आणि तेही कोणी न शिकविता.

अ‍ॅक्रेडोलो आणि त्यांच्या सहकारी सुझन गुडविन यांनी अन्य घरांतून चौकशी केली, तेव्हा अशा खुणा ऐकू येणाऱ्या पुष्कळ बालकांत आढळतात, असे त्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात नमूद केले. शब्दोच्चारास लागणारा श्वास, कंठ, जीभ व ओठ यांचा सूक्ष्म मेळ बसण्यापूर्वीच हात बऱ्याच अंशी बालकाच्या हुकमात आलेले असतात. आपल्या घरांतही बाप्पाला जयजय करणारे, ‘टाटा’ म्हणताच हात हलविणारे आणि खाऊ संपला की रिकामे तळवे दाखविणारे मूल या खुणा शब्दांच्या आधीच करू लागते.

खुणा शिकविल्याने बोलणे लांबेल की लवकर येईल, या प्रश्नाची रुजवात करण्यासाठी या संशोधकांनी अकरा महिन्यांच्या १०३ बालकांचे तीन गट केले: एका गटाच्या आईबापांनी खुणा वापराव्यात, दुसऱ्याने नुसत्या शब्दांवर भर द्यावा आणि तिसऱ्यास कसलीच सूचना देऊ नये. यांपैकी दुसरा गट मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण लाभ खुणांचा की मुलाकडे पुरविलेल्या जादा लक्षाचा, याचा निवाडा त्याच्याविना होणे शक्यच नव्हते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून खुणांनी बोलणे मागे पडत नाही हे दिसले, आणि काही चाचण्यांत खुणा शिकलेली मुले किंचित पुढेही होती. परंतु ही आघाडी तिसऱ्या वर्षापर्यंत टिकल्याचा भक्कम दाखला पुढील परीक्षकांस मिळाला नाही.

एवढ्या माफक निष्कर्षावर पुस्तके, तक्ते आणि शिकवण्या यांचा मोठा व्यापार उभा राहिला, आणि खुणांनी बुद्ध्यंक वाढतो असेही आईबापांस सांगण्यात येऊ लागले. जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली उपलब्ध अभ्यासांची छाननी करून, अशा दाव्यांना आधार देण्याइतका पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. पुढे इंग्लंडातील हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या एलिझाबेथ कर्क यांनी चाळीस माता व त्यांची बालके यांचा आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत पाठपुरावा केला, आणि २०१३ साली जाहीर झालेल्या त्या अभ्यासातही भाषेच्या वाढीत खुणांचा लाभ दिसला नाही. मात्र खुणा करणाऱ्या माता आपल्या बालकाचे न बोललेले मनोगत अधिक तत्परतेने ओळखीत आणि त्याला स्वतंत्र मन आहे असे मानून त्याच्याशी वागत, हे तेथे आढळले. बुद्ध्यंकाच्या आशेने शिकवणीचे शुल्क भरणाऱ्या आईबापांना ही गोष्ट आधी सांगावयास हवी होती. कारण खूण शिकविण्यासाठी मुलाच्या हाताकडे आणि नजरेकडे सतत पाहावे लागते, आणि ते पाहणे विनामूल्य आहे.

या साऱ्या चर्चेत हातांनी बोलणे हीच ज्यांची भाषा, ते कर्णबधिर लोक बाजूस पडले, याचे मला अतिशय वाईट वाटते. दहा-वीस सुट्या खुणा म्हणजे सांकेतिक भाषा नव्हे. तिला स्वतःची रचना व व्याकरण आहे, हे विल्यम स्टोकी यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेच्या अभ्यासातून १९६० सालीच दाखवून दिले होते. लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि सहकाऱ्यांनी ऐकू येणाऱ्या, परंतु कर्णबधिर आईबापांच्या पोटी जन्मलेल्या बालकांच्या हातांच्या हालचाली यंत्राने मोजल्या, तेव्हा सामान्य हातवाऱ्यांहून वेगळी, सावकाश लयीची एक हालचाल त्यांत सापडली. तोंडाने बडबडणाऱ्या मुलांचे जसे ‘बाबाबा’, तसे हे हातांचे बडबडणे होते; भाषा कानावाटे येवो वा डोळ्यांवाटे, बालकाचे मन तिची लय टिपून घेते.

हे सारे उमगण्याच्या कितीतरी आधी, १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणात मुखभाषेलाच अग्रक्रम देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर अनेक देशांतील शाळांतून हातांनी बोलण्यास मनाई झाली. ऐकणाऱ्या मुलाला खुणा शिकविणे हौसेचे मानले जाते, पण कर्णबधिर बालकाच्या आईबापांना, हात वापरलेत तर मूल बोलणार नाही, अशी ताकीद कित्येकदा मिळत आली आहे. वर सांगितलेल्या अभ्यासांत खुणांनी बोलणे खुंटल्याचे कोठेही दिसले नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. कर्णबधिर बालकांपैकी दहांत नऊंहून अधिक ऐकणाऱ्या आईबापांच्या घरी जन्मतात, आणि त्या घरात सांकेतिक भाषा बहुधा कोणालाच येत नसते. श्रवणचाचणीचा निकाल हाती देणाऱ्या दवाखान्याने यंत्रांच्या माहितीबरोबरच, सांकेतिक भाषा शिकविणाऱ्या कर्णबधिर शिक्षकाचा पत्ताही त्या आईबापांस त्याच दिवशी द्यावा.