मासा गोड्या पाण्याचा, पण नेमका कोणता?

पुण्याहून सोलापूरला निघालेली गाडी भिगवणला थांबते ती बहुधा चिलापीसाठी. उजनीच्या फुगवट्यातून सकाळी निघालेला मासा दुपारी तव्यावर चरचरत असतो. मसाला आणि रव्याच्या आवरणाखाली कोणता मासा आहे, हे विचारण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. घरासाठी मासा घ्यायची वेळ आली की मात्र पंचाईत होते. बांगडा, हलवा, सुरमई डोळे झाकून ओळखणारी माणसेही रोहू आणि मृगळ शेजारी ठेवले तर गोंधळतात. मग विक्रेता सांगेल तो मासा आणि सांगेल तो भाव.

गोड्या पाण्याचा मासा ओळखताना रंगावर जाऊ नये. तो पाण्यागणिक बदलतो. आधी तोंड पाहावे. मासा तळ्यात कुठे चरतो, हे त्याच्या तोंडाच्या ठेवणीवरून कळते. कटला वरच्या थरात चरतो, म्हणून त्याचे तोंड वरच्या दिशेला वळलेले, डोके अवाढव्य आणि अंग पोटाकडे रुंद. रोहू मधल्या थरातला. त्याचे तोंड लहान, किंचित खाली झुकलेले, ओठांना बारीक झालर आणि खवल्यांवर तांबूस छटा. मृगळ तळाशी चरतो. तो अंगाने सडपातळ व चंदेरी, त्याचे डोके लहान आणि नाकाड बोथट. तीनही मासे एकाच तळ्यात वाढवता येतात याचे कारणही हेच. तिघांची पंगत वेगवेगळ्या मजल्यांवर बसते. सायप्रिनस म्हणून विकला जाणारा मासा याच कुळातला, पण परदेशातून आलेला. त्याच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात आणि पाठीवरचा पर लांबलचक असतो.

चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची. तिची एक जात 1952 साली भारतात आणली गेली. तिची खूण गमतीची आहे. बहुतेक माशांना नाकपुडीची दोन-दोन छिद्रे असतात, हिला प्रत्येक बाजूला एकच. शिवाय अंगावरची बाजूची रेषा मध्येच तुटते आणि थोडी खालून पुन्हा सुरू होते. पाठीच्या परातले काटे टोकदार असतात, पिशवीत हात घालताना जपावे. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले मोठ्या संख्येने जगतात, तळ्यात दाटी होते आणि मासा खुरटतो. तळहाताएवढ्या चिलापीत खायला फारसे काही नसते. पाव किलोच्या पुढची घ्यावी.

खरी फसगत होते ती रूपचंदच्या बाबतीत. दक्षिण अमेरिकेतला हा पसरट मासा दुरून पापलेटसारखा दिसतो आणि काही ठिकाणी ‘गोड्या पाण्याचे पापलेट’ म्हणून विकलाही जातो. दोघांचा काही संबंध नाही. पापलेटच्या पोटाखाली परांची जोडी नसते, रूपचंदला ती असते. पाठीचा पर आणि शेपटी यांच्या मध्ये रूपचंदला आणखी एक छोटा मांसल पर असतो, पापलेटला तोही नाही. ओठ उचलून पाहिले तर माणसासारखे दात दिसतात. रूपचंद खायला वाईट नाही, पण भाव पापलेटचा देऊ नये.

मांगूरच्या बाबतीत प्रश्न पैशांपुरता राहत नाही. बाजारात थाई मांगूर म्हणून ओळखला जाणारा मासा प्रत्यक्षात आफ्रिकी आहे आणि त्याच्या पैदाशीवर व विक्रीवर देशात बंदी आहे. तो अधाशी मांसाहारी आहे. तळ्यातून निसटून नदीत गेला की तिथल्या माशांचा फडशा पाडतो. कत्तलखान्यातला टाकाऊ माल, सडके मांस घालून त्याला गलिच्छ तळ्यांत पोसल्याची प्रकरणे वारंवार उघडकीस आली. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर राज्यात अशी तळी नष्टही करण्यात आली. देशी मांगूर अंगाने लहान, एकसारख्या तपकिरी रंगाचा आणि आता संकटग्रस्त जातींत मोडणारा. आफ्रिकी मांगूरचे डोके मोठे व चपटे, अंगावर संगमरवरासारखे डाग, आणि वजन किलोकिलोने वाढणारे. दोघांनाही चार जोड्या मिशा असतात, त्यामुळे मिशा मोजून उपयोग नाही. दोन-तीन किलोचा ‘देशी मांगूर’ कोणी दाखवला तर न घेतलेला बरा.

आता चवीकडे. गोड्या पाण्याच्या माशाला नावे ठेवणाऱ्यांची ठरलेली तक्रार म्हणजे मातकट वास. लोक त्याचे खापर चिखलावर फोडतात. खरा गुन्हेगार जिओस्मिन नावाचे संयुग आहे. पाण्यातले निळे-हिरवे शैवाल आणि मातीतले काही जिवाणू ते तयार करतात. पहिल्या पावसानंतर येणारा मृद्गंध आणि बीटाचा मातकटपणा याच संयुगाचा. मातीतून आला की हवाहवासा आणि माशातून आला की नकोसा, एवढाच फरक. माणसाचे नाक त्याबाबत इतके तिखट आहे की लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम असले तरी कळते. मासा ते कल्ल्यांवाटे शोषतो आणि चरबीत साठवतो. सांडपाणी मिसळलेल्या, उन्हाळ्यात हिरवट पडणाऱ्या जलाशयातला मासा म्हणूनच जास्त मातकट लागतो. हा वास आरोग्याला अपायकारक नसतो. मात्र पाणी कसे होते, याची ती चहाडी असते.

उपाय आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. आम्लाने जिओस्मिनची मोडतोड होते, त्यामुळे चिंच, कोकम किंवा लिंबू लावून मासा अर्धा तास ठेवण्याच्या रीतीला रसायनशास्त्राचा आधार आहे. कातडी, पोटाच्या आतला काळा पापुद्रा, पोटाची चरबी आणि बाजूच्या रेषेखालचे लालसर मांस काढले तर वास आणखी कमी होतो. मासा काही दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवला की वास आपोआप उतरतो, पण ते काम मत्स्यपालकाचे आहे.

ताजेपणा पाहताना समुद्री माशाची सवय फसवते. शिळ्या बांगड्याचा जो वशट वास येतो, तो समुद्री माशांत भरपूर असलेल्या एका द्रव्यापासून बनतो. गोड्या पाण्याच्या बहुतेक माशांत ते फारच थोडे असते. म्हणजे मासा शिळा झाला तरी ओळखीचा वास येईलच असे नाही. इथे बोटांवर आणि डोळ्यांवर भिस्त ठेवावी. कल्ले लालबुंद हवेत, डोळा फुगीर व स्वच्छ हवा आणि बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून यायला हवा. पोट लिबलिबीत किंवा फुटलेले असेल तर पुढे पाहूच नये.

काट्यांचा हिशेब जातीवर असतो. रोहू-कटल्याच्या पाठीत आणि शेपटीकडे इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक काटे मांसात रुतलेले असतात, पोटाच्या तुकड्यात मात्र फक्त फासळ्या. म्हणून लहान मुलांसाठी पोटाकडचे तुकडे मागावेत. मोठ्या माशाचे काटे मोठे, त्यामुळे ते काढायला सोपे. अर्ध्या किलोच्या रोहूपेक्षा दोन किलोच्या रोहूतला तुकडा बरा, तो यासाठी. चिलापी आणि मरळ यांत हे वाय काटे नसतात. मरळ हवेत श्वास घेतो, बाजारात जिवंत मिळतो आणि मांसाने घट्ट असतो. त्याचा चढा भाव पटण्यासारखा आहे.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. रोहू, कटला, मृगळ, गवत्या या माशांच्या पोटात हिरवट पित्ताची पिशवी असते. मधुमेह, दमा किंवा सांधेदुखीवर औषध म्हणून ती गिळण्याची समजूत देशाच्या काही भागांत आजही टिकून आहे. या पित्तातले सायप्रिनॉल हे द्रव्य मूत्रपिंड आणि यकृताला इजा करते. काही तासांत उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू होते आणि त्यानंतर लघवी कमी होत जाते. अशा रुग्णांना डायलिसिस करावे लागल्याच्या नोंदी भारतातल्या रुग्णालयांत आहेत. शिजवल्यानेही हे विष जात नाही. कोणी पित्त गिळले असेल तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते स्पष्ट सांगावे. मासा साफ करताना पिशवी फुटलीच, तर हिरवा डाग पडलेला भाग कापून टाकावा आणि उरलेला मासा भरपूर पाण्याने धुवावा. बाजारातून मासा कापून घेताना पोट आपल्यासमोर साफ करायला सांगितले, तर पिशवी अख्खी निघाली की नाही हे तिथेच दिसते.