हाली रुपया आणि आपली शिल्लक

‘सर, नोटेचा काय भरवसा? चांदीचे शिक्के घेऊन ठेवावेत का?’ नांदेडच्या वर्गात लातूरकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले. मला आजीचे गाडगे आठवले.

हा सारा मुलूख निजामाचा. इथे हाली सिक्का चाले. सात हाली म्हणजे सहा कलदार. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९५० पासून भारतीय रुपया आला आणि हाली हळूहळू चलनातून गेला. सरकार गेले तरी रुपयातली चांदी उरते, म्हणून आजीने चार हाली रुपये गाडग्यात पुरले होते. १९७२ च्या दुष्काळात ते लातूरला मोडले. हालीत निव्वळ चांदी नसते. सराफाने घट कापली. आली ती काही दिवसांची ज्वारी.

शिवाय चांदीही स्थिर नसते. १८७३ नंतर जगभर चांदी घसरली, तिच्याबरोबर रुपयाही घसरला. अखेर १८९३ मध्ये सरकारने खाजगी चांदीला टांकसाळी बंद केल्या. बाबासाहेबांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात दाखवले की रुपया घसरला की भाव आधी चढतात, मजुरी मागाहून. मधला नफा मालकाचा, तोटा मजुराचा.

चांदी घ्यायला आधी शिल्लक लागते. आजीजवळ विकायला रोजचे श्रमच होते. विद्यार्थ्याला मी म्हणालो, चार शिक्के जरूर घे. शुद्धता पाहा, पावती घे. पण मजुराचे खरे संरक्षण भावाबरोबर वाढणाऱ्या मजुरीत आहे, आणि ती मिळवायला संघटना लागते.